राहून गेलेले सार्वमत: पश्चिम सहाराविषयी महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांतून लोकसभेवर व राज्यसभेवर गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आफ्रिका खंडाच्या वायव्येला मोरोक्को, अल्जीरिया, मॉरिटानिया आणि अटलांटिक महासागर यांच्या मध्ये पश्चिम सहारा नावाचा प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 2,66,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडे कमी. लोकवस्ती मात्र आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढीच. संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरी 'स्वशासन नसलेले प्रदेश' म्हणून जी यादी आहे तिच्यात तो 1963 पासून आहे आणि आज तिथे उरलेल्या 17 नावांत तो सर्वांत मोठा आहे. स्वतंत्र व्हायचे की मोरोक्कोत सामील व्हायचे, हे तिथल्या लोकांना मतपेटीतून विचारण्यासाठी सुरक्षा परिषदेने 29 एप्रिल 1991 रोजी 'मिनुर्सो' ही मोहीम स्थापन केली आणि मतदानासाठी जानेवारी 1992 हा महिना ठरवला. ते मतदान अद्याप झालेले नाही.

हे पत्र परराष्ट्र मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण साधे आहे. मंत्रालय नागरिकाच्या पत्राला उत्तर देण्यास बांधलेले नाही. संसदेतल्या प्रश्नाला मात्र ते द्यावेच लागते. दोन्ही राज्ये आणि दोन्ही सभागृहे धरली तर आपण 70 जण आहात. त्यांतल्या कोणा दोघा-तिघांनी जरी हा विषय हाती घेतला, तरी गेली 25 वर्षे जवळजवळ मुक्याने चाललेल्या एका धोरणाचा खुलासा सरकारला करावा लागेल.

आताच का, याचेही कारण आहे. 31 ऑक्टोबर 2025 रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 2797 संमत केला. 11 देशांनी बाजूने मत दिले, रशिया, चीन आणि पाकिस्तान तटस्थ राहिले, आणि अल्जीरियाने मतदानात भागच घेतला नाही. मोरोक्कोने 2007 साली मांडलेली स्वायत्ततेची योजना, म्हणजे सार्वभौमत्व मोरोक्कोचे आणि स्थानिक कारभार सहरावींचा (पश्चिम सहाराच्या मूळ रहिवाशांचा), ही या ठरावाने वाटाघाटींचा पाया मानली आहे. 'स्वयंनिर्णय' ही संज्ञा ठरावात आहे. पण तो निर्णय कोणी, कसा आणि कोणत्या पर्यायांतून घ्यायचा, याबाबत ठराव काहीही ठरवत नाही. मिनुर्सोची मुदत त्याने 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवली आणि मोहिमेच्या पुढच्या भवितव्याचा आढावाही मागवला. मतदान घेण्यासाठी नेमलेली मोहीम मतदान न घेताच आटोपती घेण्याची ही तयारी असू शकते, आणि तसे होणार असेल तर भारताचे त्यावर काय म्हणणे आहे, हे भारतीय नागरिकाला कळायला हवे.

भारताचा यात काय संबंध, असे आपल्यापैकी कोणी विचारील. संबंध जुना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 14 डिसेंबर 1960 रोजी वसाहतींतील जनतेला स्वातंत्र्य देण्याविषयीचा जाहीरनामा संमत केला. दुसऱ्याच दिवशी तिने ठराव क्रमांक 1542 करून पोर्तुगालला बजावले की, ज्यांना तुम्ही 'सागरपार प्रांत' म्हणता त्या वसाहती आहेत. त्या ठरावात अंगोला, मोझांबिक, तिमोर यांच्याबरोबर एक नाव 'गोवा आणि त्याच्या अंकित प्रदेशां'चेही होते. जाहीरनाम्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी 27 नोव्हेंबर 1961 रोजी 17 सदस्यांची विशेष समिती स्थापन झाली, जी पुढे चोवीसांची समिती म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी भारतीय फौजा गोव्यात उतरल्या. गोवा हा मुळातच वसाहतीचा प्रश्न आहे, अशी भारताची बाजू सुरक्षा परिषदेत ज्यांनी मांडली ते आपले कायम प्रतिनिधी सी. एस. झा हेच 1962 मध्ये त्या विशेष समितीचे पहिले अध्यक्ष झाले. भारत आजही या समितीचा सदस्य आहे. तेव्हा पश्चिम सहारा हा आपल्यापुरता परक्या दोन पक्षांचा तंटा नाही. तो आपण स्वतः बसतो त्या समितीच्या कार्यसूचीवरचा विषय आहे.

पश्चिम सहारा ही 1884 पासून स्पेनची वसाहत होती. आमसभेने 1965 साली स्पेनला ती मुक्त करण्यास सांगितले, 1966 साली सार्वमत घेण्यास सांगितले, आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने दहा वर्षे टोलवाटोलवी केली. मे 1973 मध्ये पोलिसारियो आघाडी ही सहरावींच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना स्थापन झाली आणि सशस्त्र लढा सुरू झाला. 1974 साली स्पेनने अखेर शिरगणती केली. तिच्यात सुमारे 74,000 सहरावी नोंदले गेले. मोरोक्को आणि मॉरिटानिया या दोघांनीही या भूमीवर जुना हक्क सांगितल्यामुळे आमसभेने प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवला, आणि त्याच सुमारास चोवीसांच्या समितीने आपले तीन सदस्यांचे मंडळ प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठवले. 1975 च्या मे-जूनमध्ये हे मंडळ गावोगाव फिरले आणि लोकांना स्वातंत्र्य हवे आहे, याविषयी तिथे प्रचंड बहुमत असल्याचे त्याने नोंदवले.

न्यायालयाचे मत 16 ऑक्टोबर 1975 रोजी आले. स्पेनची वसाहत होताना काही सहरावी टोळ्यांचे मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र त्या संबंधांतून भूमीवरचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि म्हणून लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला बाधा येत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. या खंडपीठावर भारताचे न्यायमूर्ती नागेंद्र सिंह होते आणि त्यांनी मताला आपले स्वतंत्र निवेदनही जोडले आहे. निकालातले सोयीचे वाक्य उचलून मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी त्याच दिवशी 'हरित मोर्चा'ची घोषणा केली आणि 6 नोव्हेंबरला साडेतीन लाख निःशस्त्र नागरिक सरहद्दीकडे निघाले. सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी ठराव क्रमांक 380 करून खेद व्यक्त केला आणि मोर्चा मागे घेण्यास सांगितले. आठवडाभरात, 14 नोव्हेंबरला, माद्रिदमध्ये स्पेनने तो प्रदेशच मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्या हाती सोपवण्याचा करार केला. सहा दिवसांनी फ्रँकोचे निधन झाले. फेब्रुवारी 1976 च्या अखेरीस स्पेन निघून गेला आणि जाताना ज्या लोकांचा तो प्रदेश होता त्यांना काहीही विचारले गेले नाही.

पुढे सोळा वर्षे युद्ध चालले. मॉरिटानियाने 1979 साली अंग काढून घेतले. मोरोक्कोने वाळूचा आणि दगडांचा, सुरुंगांनी पेरलेला, सुमारे 2,700 किलोमीटर लांबीचा बंधारा उभा केला, जो आजही त्या प्रदेशाचे दोन भाग करतो. पश्चिमेचा मोठा भाग, ज्यात सगळी शहरे, किनारा आणि बू क्राची फॉस्फेटची खाण आहे, तो मोरोक्कोकडे. बाँबहल्ल्यांतून पळालेली कुटुंबे अल्जीरियात तिंदुफजवळच्या खडकाळ, निष्पर्ण पठारावर पोहोचली आणि त्यांनी आपल्या छावण्यांना मागे राहिलेल्या गावांचीच नावे दिली: लायून, स्मारा, औसेर्द, दाखला, बूजदूर. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अंदाजानुसार तिथे 1,73,600 माणसे राहत होती. त्या वाळवंटातही ऑक्टोबर 2015 मध्ये असा पाऊस झाला की मातीच्या विटांची हजारो घरे विरघळून गेली. आज छावणीत जन्मलेल्या मुलांची मुले तिथल्या शाळेत शिकतात.

आता ज्या गोष्टीवर मला आपले लक्ष खरोखर वेधायचे आहे तिच्याकडे येतो, ती म्हणजे मतदारयादी. आपण सर्वजण निवडणुका लढवून आलेले आहात (राज्यसभेच्या सदस्यांनीही पक्षाच्या बैठकांत पुरेशा निवडणुका पाहिल्या असतील), त्यामुळे मतदान जिंकण्या-हरण्याची निम्मी गोष्ट यादीत ठरते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

मोरोक्को आणि पोलिसारियो या दोन्ही पक्षांनी 1988 साली तत्त्वतः मान्य केलेल्या सार्वमताच्या योजनेत यादीचा आधार 1974 ची स्पॅनिश शिरगणती हा होता. तिच्यात नाव असलेले आणि गळालेले अस्सल रहिवासी, एवढेच मतदार. 6 सप्टेंबर 1991 रोजी शस्त्रसंधी झाली आणि त्यानंतर मोरोक्कोने आणखी सुमारे सव्वा लाख नावे पुढे केली, जी बहुतेक मोरोक्कोतच राहणाऱ्या माणसांची होती. मग पात्रतेचे निकष वाढवून पाच करण्यात आले. ओळख पटवण्याचे काम प्रत्यक्षात ऑगस्ट 1994 मध्ये सुरू झाले. अर्जदार मिनुर्सोच्या ओळख आयोगापुढे येई. समोर त्याच्या टोळीच्या पोटशाखेचे दोन शेख बसलेले असत, एक या बाजूने मान्य असलेला आणि एक त्या. बाप कोण, आजा कोण, कुटुंब कुठे तंबू ठोकत होते, हे तोंडी विचारले जाई आणि दोन्ही शेखांची साक्ष नोंदवली जाई. कागदपत्रे नसलेल्या भटक्या समाजात दुसरा इलाजही नव्हता. अडचण अशी की एका शेखाने 'आमचा' म्हटले की दुसऱ्याने 'आमचा नाही' म्हणायचे, आणि एका बाजूचा शेख आलाच नाही तर त्या दिवशीचे काम बंद. एच-41, एच-61 आणि जे-51/52 अशा स्पॅनिश शिरगणतीतल्या सांकेतिक क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या टोळीगटांवर तर वर्षानुवर्षे घोडे अडले. 1996 साली काम थांबले. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे दूत म्हणून 1997 साली ह्यूस्टनमध्ये समझोता घडवला, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले.

आणि मग ते संपलेही, जे फार थोड्यांच्या लक्षात असते. 2000 सालाच्या सुरुवातीस आयोगाने सुमारे 1,98,000 अर्जदारांची तपासणी पूर्ण करून 86,386 मतदार पात्र ठरवले. यादी तयार होती. मोरोक्कोने पुढे केलेल्या अर्जदारांतले बहुसंख्य तिच्यात बसले नव्हते, आणि यादी हाती पडल्यावर सुमारे 1,30,000 अपिले दाखल झाली. ती ऐकायला आणखी किती वर्षे लागतील, याचा हिशेब मांडून सचिवालयाने हात टेकले आणि सुरक्षा परिषदेने 'राजकीय तोडगा' शोधायला सांगितले. ज्या पक्षाला यादी प्रतिकूल दिसली त्याच्या हाती यादी अडवण्याचे साधन नियमांनीच दिलेले होते.

बेकर यांनी 2003 साली शेवटचा प्रयत्न केला. चार ते पाच वर्षे स्वायत्तता आणि त्यानंतर स्वातंत्र्याचा पर्याय असलेले सार्वमत, ज्यात 1999 च्या अखेरपासून तिथे राहणाऱ्या, म्हणजे मोरोक्कोतून येऊन वसलेल्या लोकांनाही मताधिकार, अशी ती योजना होती. ती संख्याबळाच्या दृष्टीने मोरोक्कोलाच अनुकूल होती. सुरक्षा परिषदेने तिला 31 जुलै 2003 रोजी पाठिंबा दिला, पोलिसारियोने ती कुरकुरत का होईना स्वीकारली आणि मोरोक्कोने नाकारली, कारण मतपत्रिकेवर स्वातंत्र्य हा पर्यायच त्याला नको होता. बेकर यांनी जून 2004 मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यानंतर चार दूत झाले.

'अशा ठिकाणी सार्वमत घेणे व्यवहारात शक्य नसते' हे विधान आपल्याला मंत्रालयाच्या टिपणात वाचायला मिळेल. ते टिपण वाचताना कृपया पूर्व तिमोर आठवावा. तीही इबेरियन राजवटीची, म्हणजे पोर्तुगालची, वसाहत, तीही 1975 च्या त्याच हिवाळ्यात शेजाऱ्याने गिळली. इंडोनेशियाचे सैन्य 7 डिसेंबरला दिली या राजधानीत उतरले. तिथले सार्वमत ठरले 5 मे 1999 रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने जुलै-ऑगस्टमधल्या अवघ्या तीन आठवड्यांत साडेचार लाख मतदार नोंदवले, धमक्या आणि खून चालू असताना. 30 ऑगस्टला 98 टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि 78.5 टक्के लोकांनी स्वायत्तता नाकारून स्वातंत्र्य निवडले. त्यानंतर इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी देश जाळला, आंतरराष्ट्रीय फौज पाठवावी लागली, आणि संयुक्त राष्ट्रांनी सेर्जियो व्हिएरा दि मेल्लो यांच्या हाताखाली अडीच वर्षे तिथला सगळा कारभार, टपालापासून न्यायालयांपर्यंत, स्वतः चालवला. 20 मे 2002 रोजी तिमोर स्वतंत्र झाला. तो आता त्याच चोवीसांच्या समितीत भारताच्या बरोबरीने सदस्य म्हणून बसतो.

साडेचार लाखांची नोंदणी तीन आठवड्यांत होते आणि दोन लाखांची सहा वर्षांत होते, यातला फरक कारकुनीचा नाही. जकार्तातली सत्ता तेव्हा आर्थिक संकटाने आणि सुहार्तोंच्या पदच्युतीने डळमळली होती, आणि तिला रोखणारे कोणी तरी होते. आणखी एक फरक गोव्याच्या सदस्यांना विशेष वाटेल. पोर्तुगालने, ज्या पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीसाठी आपल्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते त्याच देशाने, तिमोरवरची आपली कायदेशीर जबाबदारी 24 वर्षे सोडली नाही आणि तिमोरच्या समुद्रातल्या तेलावरून ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच न्यायालयात दावाही लावला. स्पेनने मात्र फेब्रुवारी 1976 मध्ये सरचिटणीसांना पत्र लिहून हात झटकले. पोर्तुगालचे कौतुक करताना माझ्या पिढीच्या माणसाची लेखणी जरा अडखळते, पण इथे ते करणे भाग आहे.

नामिबियाचे उदाहरण तर आपल्याला अधिक जवळचे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या या प्रदेशात निवडणूक घेऊन त्याला स्वातंत्र्य देण्याचा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 435 हा 1978 चा. दक्षिण आफ्रिकेने तो दहा वर्षे लोंबकळत ठेवला. पण तो मागे घेतला गेला नाही किंवा 'वास्तवाला धरून' पातळही केला गेला नाही. एप्रिल 1989 मध्ये जी मोहीम तिथे गेली तिचे सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद होते. नोव्हेंबरात निवडणूक झाली, 97 टक्क्यांवर मतदान झाले, आणि 21 मार्च 1990 रोजी देश स्वतंत्र झाला.

आपल्या धोरणाविषयी. भारताने 1985 साली पोलिसारियोने घोषित केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि जून 2000 मध्ये ती काढून घेतली. नेमके तेव्हाच, जेव्हा मतदारयादी पुरी होऊन सार्वमत अडवले जात होते. आता आपण संयुक्त राष्ट्रांच्या प्रक्रियेला पाठिंबा आहे, एवढेच म्हणतो. प्रक्रियाच बदलत असेल तर या वाक्याला अर्थ राहत नाही.

आपण हा विषय काढलात तर तीन आक्षेप येतील.

पहिला गोव्याचा. गोव्यात तरी तुम्ही कुठे सार्वमत घेतले होते, असे कोणीही विचारील, आणि प्रश्न गैर नाही. 1961 साली घेतले नव्हते. पण 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहियांच्या सभेपासून 1955 च्या सत्याग्रहापर्यंत गोव्यातल्या चळवळीचा मुख्य प्रवाह भारतात येण्यासाठी झगडत होता; सहरावी चळवळीचा प्रवाह मोरोक्कोत न जाण्यासाठी झगडतो आहे, आणि हे समितीच्या मंडळाने स्वतः जाऊन पाहिले होते. शिवाय गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी एक मतदान झाले, ज्याची आठवण महाराष्ट्राच्या सदस्यांना थोडी बोचेल. फूल ही खूण महाराष्ट्रात विलीनीकरणाची आणि दोन पाने ही केंद्रशासित राहण्याची. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. तरी मतदान निःपक्ष व्हावे म्हणून त्यांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. फुलाला 1,38,170 मते पडली आणि दोन पानांना 1,72,191. महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे पक्ष विलीनीकरणाच्या बाजूने होते, मराठीच्या नावाने जिवाचे रान केले गेले होते, आणि निकाल विरुद्ध गेला. तो आपण मानला. हे मतदान स्वातंत्र्याविषयी नव्हते आणि त्याची सहाराशी तंतोतंत तुलना होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी संस्कृती एक, भाषा जवळची, इतिहास सामायिक, म्हणून लोकांना विचारण्याची गरज नाही, हा जो युक्तिवाद मोरोक्को करतो, तो आपण आपल्याच बाबतीत बाजूला ठेवला होता, एवढे त्यावरून नक्की दिसते.

दुसरा आक्षेप मोठ्याने कोणी बोलणार नाही, तो काश्मीरचा. सार्वमत हा विषय निघाला की आपले राजनैतिक अधिकारी सावध होतात. पण जम्मू-काश्मीर हा स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत कधीही नव्हता, आणि पश्चिम सहारा तिथे साठ वर्षांहून अधिक काळ आहे. गोवा वसाहत होता, म्हणून आपली कारवाई न्याय्य होती, हे म्हणताना आपण याच यादीचा आणि याच ठरावांचा आधार घेतला. तो आधार एका बाजूने वापरायचा आणि दुसऱ्या बाजूने टाळायचा, याने काश्मीरविषयीची आपली बाजू भक्कम होत नाही.

तिसरा आक्षेप खताचा, आणि तो सर्वांत खरा आहे. आपल्या मतदारसंघातला शेतकरी पेरणीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रापुढे रांग लावून जी अठरा-शेहेचाळीसची, म्हणजे डीएपी खताची, 50 किलोची पिशवी घेतो, तिच्यातल्या स्फुरदाचा मोठा वाटा आयात कच्च्या मालातून येतो, आणि मोरोक्को हा आपला फार मोठा पुरवठादार आहे. गोव्यातल्या झुआरीनगरचा खत कारखाना 2022 पासून ज्या पारादीप फॉस्फेट्स कंपनीकडे आहे, तिच्या प्रवर्तक कंपनीत मोरोक्कोच्या सरकारी ओसीपी समूहाची निम्मी भागीदारी आहे. यात काही वावगे आहे असे मी म्हणत नाही. डीएपीचा तुटवडा पडला की काय होते, हे मी पाहिलेले आहे आणि आपणही. पण बू क्राची खाण ओसीपीच्या एकूण फॉस्फेट उत्पादनात दहाव्या हिश्श्याच्या आतच येते. तिथून सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून किनाऱ्याला येणारा माल निराळा ओळखता येतो आणि जहाजाच्या कागदपत्रांत चढवण्याचे बंदर लिहिलेलेच असते.

संयुक्त राष्ट्रांचे कायदेविषयक प्रमुख हान्स कोरेल यांनी जानेवारी 2002 मध्येच मत दिले होते की, तिथल्या लोकांच्या इच्छेविरुद्ध आणि हिताविरुद्ध केलेले उत्खनन आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरेल. 2017 साली दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात बू क्राचे फॉस्फेट नेणारे एक जहाज अडवले गेले आणि पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने तो माल सहरावींचा ठरवला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी मोरोक्कोबरोबरचे शेतमालाचे आणि मासेमारीचे करार पश्चिम सहारापुरते रद्द ठरवले, कारण तिथल्या जनतेची संमती घेतली नव्हती. खरबूज आणि टोमॅटो जरी विकले तरी उगमस्थान 'पश्चिम सहारा' असेच लिहावे लागेल, असेही सांगितले. मोरोक्कोशी व्यापार न तोडता उगमस्थान विचारता येते.

पोलिसारियोविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. पन्नास वर्षे एकाच संघटनेच्या हाती छावण्यांचा कारभार आहे, विरोधी आवाजाला तिथे फारशी जागा नाही, आणि निर्वासितांची रीतसर नोंदणी करू देण्याची सुरक्षा परिषदेची विनंती अल्जीरियाने मान्य केलेली नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये गर्गरात इथल्या चकमकीनंतर पोलिसारियोने शस्त्रसंधी संपल्याचे जाहीर केले, हेही खरे. उलट बाजूला, मोरोक्कोच्या ताब्यातल्या लायूनमध्ये स्वातंत्र्याची मागणी करणारा माणूस तुरुंगात जातो, आणि त्याची नोंद घेण्याचा अधिकार मिनुर्सोला नाही. आधुनिक शांतिमोहिमांना सर्रास दिला जाणारा मानवाधिकारांवर देखरेखीचा अधिकार या मोहिमेला 1991 पासून एकदाही मिळालेला नाही. स्वायत्तता ही वाईटच, असेही माझे म्हणणे नाही. आमसभेचा 1960 चा ठराव क्रमांक 1541 स्वातंत्र्य, मुक्त साहचर्य आणि विलीनीकरण असे तिन्ही मार्ग मोकळे ठेवतो. अट एवढीच की लोकांनी तो मार्ग जाणतेपणी, स्वतः निवडलेला असावा. मोरोक्कोची योजना इतकी चांगली असेल तर ती मतपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर छापावी.

आपल्याला विनंती अशी की, परराष्ट्र मंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारून पुढील बाबी नोंदीवर आणाव्यात: ठराव 2797 विषयी भारताची भूमिका काय आहे, स्वातंत्र्याचा पर्याय नसलेली निवड भारत स्वयंनिर्णय मानतो का, आणि चोवीसांच्या समितीत भारत हा विषय कसा मांडणार आहे. समितीने 1975 नंतर पश्चिम सहारात पुन्हा पाहणी मंडळ पाठवलेले नाही; ते पाठवावे, असा प्रस्ताव भारताने तिमोरला बरोबर घेऊन मांडावा, हे आपण सुचवू शकता. खते मंत्रालयाला वेगळा, अतारांकित प्रश्न पुरेल: गेल्या पाच वर्षांत आयात झालेल्या खनिज फॉस्फेटपैकी किती माल लायूनच्या बंदरात चढवला गेला. आपल्यापैकी जे परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीवर आहेत त्यांना हा विषय समितीच्या कामकाजात घेता येईल, आणि तिथे पक्षादेशाची अडचणही नसते.

प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. सुरक्षा परिषद मिनुर्सोचा निर्णय ऑक्टोबरच्या अखेरीस करते आणि आपले हिवाळी अधिवेशन त्यानंतर भरते; तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला 'परिषदेने निर्णय घेतलेला आहे' एवढेच उत्तर मिळेल. म्हणून हा प्रश्न पावसाळी अधिवेशनातच यावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
पुण्यातील एक मतदार